मिस व्हर्लीनची घंटी

अमेरिकेतल्या मेम्फिस शहराच्या एका साध्यासुध्या कॉलेजात मिस व्हर्लीन अन्यायावर शिकवायच्या. पोलिसांचा अन्याय, कोर्टाचा, शाळांचा. स्वतः काळ्याच, तरुणपणी मोर्च्यांत घसा फोडून ओरडलेल्या. पुढे रक्तदाब असा चढला की डॉक्टरांनी दमच भरला. तेव्हा त्या डोळे मिटून, श्वासाकडे लक्ष देऊन बसायला शिकल्या. "त्या बसण्यानंच मी जगले," असं सगळ्यांना सांगायच्या, आणि ते खरंही होतं बरं का! म्हणून तर त्यांनी वर्गात पितळेची घंटी आणली. चर्चा तापली की टिण्ण! सगळ्यांनी डोळे मिटायचे.

त्या सोमवारी वर्गातली जोनेल उभी राहिली, तीही काळीच. तिच्या भावाला पोलिसांनी गाडीतून ओढून बडवलं होतं, हात मोडला होता. सांगता सांगता तिचा आवाज चढला. समोरची गोरी मुलगी मुसमुसायला लागली, आणि मिस व्हर्लीनचा हात सवयीनं घंटीवर गेला. टिण्ण!

"जोनेल, बाळा, जरा श्वास घे."

"मी तोंड उघडलं की बरी वाजते हो तुमची घंटी!" जोनेल उसळली. "परवा हा टॉड म्हणाला, पोलीस काही उगाच मारत नाहीत. तेव्हा नाही वाजली! हळू बोलला ना तो!"

"अगं, तुझ्याच भल्यासाठी सांगतेय. डोळे मीट."

"पोलीसही माझ्या भावाला हेच सांगत होता. शांत हो म्हणे. हात पिरगाळताना!"

सॅक उचलून ती निघून गेली. मिस व्हर्लीन चरकल्या. जिच्यासाठी शिकवायचं तीच पोरगी गेली, तर आग लागो त्या शिकवण्याला! त्यांनी फोन केले, निरोप धाडले, "चुकलं माझं, परत ये गं." घंटी खणात कोंबली.

जोनेलला पास तर व्हायचंच होतं. आठवड्यानं ती आली. मिस व्हर्लीनचा जीव भांड्यात पडला. पण पोरगी बसली ती पाठ ताठ, डोळे मिटून, हात मांडीवर. टॉड पोलिसांची बाजू घेऊन बडबडत राहिला, तरी ही हूं नाही की चूं नाही.

वर्ग पाहायला आलेले विभागप्रमुख जाताना म्हणाले, "वा! काय शांतता आहे हो तुमच्या वर्गात!" मिस व्हर्लीनना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वर्ग सुटल्यावर त्या जोनेलच्या बाकापाशी गेल्या. "घंटी काढून टाकलीय गं मी. ओरड माझ्यावर हवं तर. पण बोल काहीतरी."

जोनेलनं डोळे उघडले.

"नको, मिस व्हर्लीन," ती अगदी गोड आवाजात म्हणाली, "मी श्वास घेतेय."