सुंदराच्या ओट्यावरून गेलेलं

चोरीची गोष्ट कधी एकटी येत नाही. जिनिंगमध्ये सरकी वेचायला बसलं आणि एकीनं "माझं तेल गेलं" म्हटलं, की दुसरीला तिचं घमेलं आठवतं, तिसरीला नवऱ्याचं धोतर. सुट्टीचा भोंगा वाजेपर्यंत सगळी गल्लीच चोरीला गेलेली असते! आम्ही हसायचो. रोज रडायला टाइम कुणाला होता?

मी शेवंता, चौथी पास. पल्लेदार लिहिणं मला जमत नाही. जसं झालं तसं सांगते.

आमची गल्ली मानवतच्या टोकाला, जिनिंगच्या मागं. बायका सगळ्या दिवसभर जिनात. गल्लीच्या तोंडाशी पहिलं घर सुंदराचं, तिला तेवढा दगडी ओटा. किराणा दुकानातून, एसटी स्टँडवरून कुणाचं काहीही आलं, की हातगाडीवाला महादू ते त्या ओट्यावर टाकायचा आणि पाठ फिरवायचा. आत पाऊल टाकायचा नाही.

मी एकदा विचारलं, "महादूदादा, घरापस्तोर कामून येत न्हाईस?"

"गाडी आत वळत न्हाई, बाई."

उसाची बैलगाडी वळते, मुन्सिपालटीची कचऱ्याची गाडी वळते, वऱ्हाडाचा टेम्पो वळतो. ह्याचीच वळत नाही! नामांतराच्या दंग्याआधी निदान सुंदराच्या दारात बसून तंबाखू मळायचा. दंग्यानंतर तेही बंद. गाडी का वळत नाही हे त्यालाही ठाऊक, आम्हालाही ठाऊक.

त्या ओट्यावर बाकीच्यांचा गूळ यायचा, साबण यायचा. माझं यायचं ते नंदाचं औषध. नंदा माझी धाकटी. तिला फिट यायची. औरंगाबादच्या दवाखान्यातून माझा थोरला भाऊ, आमचा दादा, दर महिन्याला गोळ्या घ्यायचा, पांढऱ्या कापडात शिवायचा आणि एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती द्यायचा. मानवतात त्या मिळत नव्हत्या. गाडी यायची दुपारी, जिन सुटायचं दिवे लागल्यावर. स्टँडवर कुणी ठेवून घेत नव्हतं. एक दिवस खाडा केला तर मुकादम दुसरीला जागा द्यायचा.

म्हणून माझ्या लेकीचा जीव दर महिन्याला अर्धा दिवस त्या उघड्या ओट्यावर पडलेला असायचा.

*

पहिली चोरी सुंदराचीच. भावानं पंचमीला साडी धाडली. महादूनं ओट्यावर ठेवली आणि ती गेली. सुंदरा चार दिवस जेवली नाही. मग आठवडी बाजारात जायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बाईचा पदर धरून बघायची. एकीनं तर शिव्याच घातल्या.

मी म्हटलं, "सुंदरे, वळखशील का तरी तुझी साडी?"

"कशी वळखू? म्या कुठं बगितलीय!"

"मग पदर कशाला धरायलीस लोकायचे?"

"काय करू माय, आता हर बाई मला माज्याच साडीत दिसायलीय!"

*

मग आम्ही राखण ठेवली. कोंडाआजी. गल्लीत दिवसा घरी असलेलं तेवढंच माणूस. एका डोळ्यात फूल पडलेलं, कानानं बेताची, पण जीभ अशी की कुत्रं जवळ येणार नाही. तिला ओट्यावर बसवलं, हातात काठी दिली, दुपारच्या चहाचं कबूल केलं.

संध्याकाळी आलो तर आजी बसलेली, ओटा झाडल्यासारखा रिकामा. ज्वारीचं पोतं गेलं, रॉकेलचा डबा गेला. माझं पार्सलही गेलं.

"आजी, पोतं कुणी नेलं?"

"ज्याचं त्यानं नेलं की. म्हणलं, आजी, जरा हात लावा. म्या लावला. लय जड होतं माय, माजी कंबर धरली!"

"आगं, चोराच्या डोक्यावर पोतं चढवलंस!"

"चोर कसा? लय गुणाचं होतं. उन्हाचं जपून जा म्हणलं त्याला."

"बाप्या होता का बाई?"

"ते काय दिसतंय मला? हात खरखरीत होता. तुमच्यावानीच." आणि उलट आमच्यावरच भडकली, "त्येनं मला तोंडभरून आजी म्हणलं. तुमी कव्हा म्हणता गं? थेरडी म्हणता!"

सगळ्या खो खो हसल्या. मीही हसले. त्या महिन्यात नंदा चुलीपुढं पडली. उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

*

लेकीचा हात बघून मी चौकीत गेले. खाडा करून. हवालदारानं बसा म्हटलं नाही, उभ्यानंच विचारलं.

"काय गेलं?"

"गोळ्या. लेकीच्या."

"सोनं-नाणं?"

"सोनं असतं तर ओट्यावर ठिवलं असतं का, सायेब?"

तो हसला. मग म्हणाला, संध्याकाळी येतो, जागा बघू. आला बिचारा, खोटं कशाला बोलू. ओट्याला प्रदक्षिणा घातली. खांब हलवून बघितला. गल्लीत आत डोकावला, पण गेला नाही. मग टोपी काढून घाम पुसला आणि आम्हा सगळ्या बायकांना उपाय सांगितला.

"हे बघा, तुम्ही काही मागवूच नका. मागवलंच न्हाई तर चोरी कशाची होईल?"

सुंदरा म्हणाली, "सायेब लय शिकलेला दिसायलाय!"

*

पोलीस झाले, आता राहिलं भूत. ही आयडिया माझीच. ओट्यावर तांदळाचं रिंगण काढलं, मधे लिंबू चिरून ठेवलं, कुंकू भरलं, दोन बिब्बे, काळी चिंधी. रिंगणात जे पार्सल पडेल त्याला हात लावायची कुणाची छाती होते बघू, म्हटलं. कोंडाआजीनं वर एक कोंबडीचं पीसही खोचलं. असं भयानक झालं होतं की आमचीच पोरं वळसा घालून जायला लागली.

दुपारी महादू आला. लिंबू बघितलं. गाडी वळत नाही म्हणणारा माणूस, त्यानं जागच्या जागी अशी गाडी वळवली की चाकानं ठिणग्या उडाल्या! सामानासकट पसार. दुकानाचं दुकानात गेलं, माझं पार्सल परतीच्या एसटीनं औरंगाबादला.

आणि गावभर त्यानं बोंब केली, त्या गल्लीतल्या बाया करणी करायल्यात!

दुसऱ्या दिवशी जिनात मुकादम म्हणाला, "आजपासून तुमचा पाण्याचा डेरा येगळा. बाकीच्या बाया तुमच्या हातचं पाणी पिणार न्हाईत म्हणतात."

मी म्हटलं, "आन् कालपस्तोर पीत होत्या व्हय?"

तो सरकीच्या ढिगाकडं बघत बसला.

संध्याकाळी ओट्यावर गेलो. रिंगण होतं, कुंकू होतं, बिब्बे होते. लिंबू गेलं होतं! दोन्ही फोडी!

*

शेवटी पेटी. जिनिंगच्या भंगारातली पत्र्याची पेटी आणली, खांबाला साखळीनं बांधली, कुलूप घातलं. झाकणाला भोक पाडलं. महादूनं वरून पार्सल टाकायचं, संध्याकाळी आम्ही कुलूप उघडायचं. महिनाभर विनवण्या केल्यावर तो पुन्हा यायला लागला होता.

पहिल्या दिवशी भोकातून पार्सल आत गेलं, आणि त्याच भोकातून कुणीतरी हात घालून बाहेर काढलं. पार्सल जातं तिथं हात जातोच, हे आम्हाला आधी कसं कळलं नाही कोण जाणे. मग पत्रा ठोकून भोक लहान केलं. हात जाईना. पार्सलही जाईना. महादूनं पार्सल पेटीवर ठेवलं आणि गेला.

मी त्याला स्टँडवर गाठलं. "आरं, पेटी कशाला हाय तिथं?"

"पेटीवरच ठिवलं की बाई! ओट्यावर ठिवलं का?"

पुढच्या आठवड्यात पेटी गेली. साखळी गेली. कुलूपही गेलं. किल्ली मात्र कुणालाही नेता आली नाही. ती माझ्या कमरेला होती. अजून आहे.

*

पेटी गेल्यावर आम्ही नाद सोडला. यायचं ते येईल, जायचं ते जाईल. नंदाला एकटीला चुलीशी, आडाशी जाऊ द्यायचं नाही, एवढंच हातात राहिलं होतं. ती म्हणायची, "आई, मला काय बांधून ठिवतीस का?" माझ्या मनात तेच चाललेलं असायचं.

आणि दिवाळीच्या तोंडावर एक दिवस नवल झालं. ओटा भरलेला! सुंदराचा गूळ होता, कुणाच्या नव्याकोऱ्या चपला होत्या, कोंडाआजीचं लुगडं होतं. कशालाही हात लागला नव्हता. माझंही पार्सल होतं. मी धावत जाऊन उचललं. हाताला हलकं लागलं.

दादा पार्सल पांढऱ्या दोऱ्यानं शिवायचा. हे एका बाजूनं उसवून काळ्या दोऱ्यानं पुन्हा शिवलेलं. टाके बारीक, नीट घातलेले. उघडलं तर आत निम्म्याच गोळ्या.

सुंदरा कपाळाला हात लावून म्हणाली, "आगं माय! गूळ सोडला, चपला सोडल्या, आन् गोळ्या वाटून नेल्या! ह्यो कसला चोर?"

मी गोळ्या मोजून डब्यात ठेवल्या. पुढच्या महिन्यात तेच. निम्म्या गोळ्या, काळा दोरा. नंदाला मी एक दिवसाआड गोळी देत गेले. दोनदा पडली. पण निम्म्या मिळत होत्या.

संक्रांतीला दादा आला तेव्हा मी ताटावर बसल्या बसल्या त्याला म्हटलं, "दादा, आता दोन लेकरांच्या गोळ्या धाडत जा."

"दुसरं कुणाचं?"

"असंल कुणाचं तरी."

"येडी हायेस का? लेकरू समोर नेऊन बसवल्याबिगर डॉक्टर कागद करत न्हाईत. नाव लागतंय, वय लागतंय. कुणाचं नाव सांगू?"

नाव मला तरी कुठं माहीत होतं!

मग मी काय केलं, तर आठवडी बाजारात गेले. भरबाजारात महादूची हातगाडी उभी होती, तिच्यावर चढले आणि सगळ्या ताकदीनं ओरडले, "ज्याच्या घरी लेकरू फिटनं पडतंय, त्यानं लेकराचं नाव सांगा! पोलिसात जायची न्हाई म्या! शिवी द्यायची न्हाई! नुस्तं नाव सांगा, गोळ्या मिळतेत!"

बाजार थांबला. तराजू हातात धरून लोक बघत राहिले. कुणी हसलं. कुणी म्हणालं, करणीवाली हाय ती. महादू धावत आला, "उतर बाई, उतर! गाडी बाटवलीस माजी!"

"बाटली ना? मग आता वळती का बघ आमच्या गल्लीत!"

पण नाव कुणी सांगितलं नाही. मी घसा बसेपर्यंत ओरडले. माणसं माना खाली घालून आपापल्या पिशव्या भरत राहिली. त्यातल्या कुठल्या मानेकडं बघायचं होतं, मला कळलं नाही.

त्यानंतरच्या खेपेला दिवे लागायला आम्ही जिनातून आलो. ओट्यावर माझं पार्सल होतं. पांढरा दोरा, टाका न् टाका दादाचा. कुणी उसवलेलं नव्हतं. आत सगळ्या गोळ्या.

त्याच्या शेजारी एक लहानशी पुरचुंडी होती. लेकराच्या झबल्याचा तुकडा, धुऊन वाळवलेला, काळ्या दोऱ्यानं शिवलेला. बारीक टाके. मी दातानं दोरा तोडला. आत गेल्या महिन्याच्या गोळ्या होत्या. दोन-तीन कमी असतील. बाकीच्या सगळ्या तशाच.

"उपरती झाली गं चोराला!" सुंदरा ओरडली. तिनं तिथल्या तिथं गुळाचा खडा फोडून सगळ्यांच्या हातावर ठेवला. कोंडाआजीनंही काठी टेकवत येऊन हात पुढं केला. "काय झालं गं? कशाचा गूळ?"

"आजी, शेवंताच्या गोळ्या परत आल्या!"

मी तो तुकडा हातात धरून ओट्यावर बसले. झबलं घालणारं लेकरू उरलं असतं तर कुणी झबलं फाडलं नसतं, गोळ्याही परत धाडल्या नसत्या. मी गूळ खाल्ला नाही.

त्या दिवसानंतर आमच्या ओट्यावरून कधीच काही गेलं नाही. सुंदरा आजही जिनात नव्या बायकांना सांगते, "शेवंता बाजारात अशी वरडली, अशी वरडली, की चोरानं भिऊन गोळ्या परत आणून दिल्या!"