राज्य कोठीवाल्याला!

सुतकात मोठ्या आवाजात भांडू नये, असं कुठेही लिहिलेलं नाही. मी शोधून पाहिलं. (सारं आयुष्य मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काढलं, शोधण्याखेरीज मला दुसरं काही येत नाही.) त्यामुळे आप्पांच्या दहा दिवसांत आमच्या घरात जे घडलं, ते अशास्त्रीय होतं असं कोणाला म्हणता येणार नाही. लाजिरवाणं म्हणता येईल.

आप्पा म्हणजे माझे वडील. वय झालं होतं, झोपेतच गेले. नाशिक रोडच्या प्रेसमध्ये त्यांनी जन्मभर नोटा छापल्या, पण त्यांचा जीव अडकला होता ‘धूम्रद्वीपाची गाथा’ नावाच्या कादंबरीमालेत. राजे, राक्षस, बोलणारे गरुड, बर्फाचं सैन्य, असे उशीएवढे जाड सहा भाग! रात्री जेवणं झाली की आप्पा ते खणखणीत आवाजात वाचून दाखवायचे. आई मेथी निवडत ऐकायची, मी आणि धाकटी बहीण नंदा भिंतीला टेकून ऐकायचो. नंदा लग्न होऊन कळवणला गेली, तेव्हा आप्पा फोन स्पीकरवर ठेवून वाचू लागले. (माहेरी रोज पारायण असतं, अशी तिच्या सासूबाईंची फार दिवस समजूत होती.)

सहाव्या भागाच्या शेवटी कथेचा नायक अश्मक, एका नावाड्याचा पोरगा, सिंहासनाच्या दालनाशी येऊन पोहोचला. आणि लेखकमहाशय थांबले. वर्षं गेली, अश्मक दारात उभा. माझे केस पिकले, मग विरळ झाले, अश्मक दारात उभा!

“सातवा भाग वाचल्याशिवाय मी काही जात नाही,” आप्पा डॉक्टरांना सांगायचे.

“मग लेखकाला सांगा, सावकाश लिही म्हणून,” डॉक्टर म्हणायचे.

लेखकाने ते फारच मनावर घेतलं.

आप्पा गेल्यावर चौथ्या दिवशी दारात कुरियरवाला उभा राहिला. “आप्पासाहेब आहेत का? पार्सल आहे. त्यांचीच सही लागेल.”

आईने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. माझ्या नव्याकोऱ्या टकलाकडे बघून त्याला समजलं असावं, कारण त्याने पेन निमूटपणे माझ्यापुढे धरलं. पार्सलात सातवा भाग होता. आप्पांनी आधीच पैसे भरून ठेवलेला! इतकी वर्षं घोळ घातलाच होता, तर आणखी एक आठवडा आधी काढला असता तर काय बिघडलं असतं? मी शांत माणूस आहे. ग्रंथालयात मी कोणाला ‘शू’सुद्धा हळू आवाजात करतो. पण त्या दिवशी माझे कान तापले.

“वाच,” आई म्हणाली.

“अगं, सुतकात? या दिवसांत पोथी वाचतात.”

“ह्यांची पोथी हीच होती. वाच. आणि पुटपुटू नकोस, त्यांच्यासारखं मोठ्याने वाच.”

नंदा कळवणहून आलेलीच होती. रोज माणसं भेटून गेली की मी आप्पांच्या खुर्चीत बसून वाचायचो. आई डोळे मिटून ऐकायची. मधेच म्हणायची, “हे ऐकलं असतं तर खूश झाले असते.” आठव्या दिवशी दुपारी आम्ही शेवटच्या प्रकरणाला आलो. अश्मक एकदाचा दालनात शिरला!

आता नीट ऐका. ज्या अश्मकाने सहा भाग तलवारी झेलल्या, विष पचवलं, बर्फाचं सैन्य वितळवलं, तो सिंहासनाच्या शेवटच्या पायरीवर चढतो. पायरीवर शेवाळ असतं. तो घसरतो आणि मरतो. दीड पानात! आणि राज्य कोणाला मिळतं? राजवाड्याच्या कोठीवाल्याला! हा कोठीवाला आधीच्या सहा भागांत एकदाच दिसला होता, तोही पाठमोरा, तांदूळ मोजताना!

मी पुस्तक मिटलं.

“घसरला?” नंदा किंचाळली. “एवढी माणसं भोवती होती, एकालाही हात देता आला नाही?”

“पायरी पुसायला कोणी नव्हतं का मेलं?” आई म्हणाली.

“आणि सगळं त्या कोठीवाल्याला!” मी ओरडलो. (मी! ओरडलो!) “ज्यांनी जन्मभर खस्ता खाल्ल्या त्यांना काही नाही, आणि हा कोण कुठला उपटसुंभ, त्याच्या घशात सगळं!”

“इतकी वर्षं ताटकळत ठेवलं आणि शेवटी झटक्यात संपवलं त्याला!” नंदा रडत होती.

“यापेक्षा चांगला शेवट मी झोपेत केला असता!” मी म्हणालो. हे वाक्य कृपया लक्षात ठेवा.

तेवढ्यात दारात धप्प असा आवाज झाला. लासलगावची आत्या, आप्पांची सख्खी बहीण, उंबऱ्यात उभी होती. तिच्या हातातली कांद्यांची पिशवी खाली पडली होती आणि कांदे घरभर धावत होते.

“घसरला? माझा भाऊ घसरला?” आत्याने छाती बडवली. “आन् मला सांगितलं, झोपंत गेला!”

“आत्या, आप्पा नाही गं,” मी म्हणालो. “अश्मक घसरला.”

“कोन आश्मक? आन् त्यो कोठीवाला कोन? त्याला समदं कसं काय दिलं भाऊनं?”

“अगं, तो कोठीवाला पुस्तकातला आहे!”

आत्याने कपाळाला हात लावला. “बँकेच्या पुस्तकात बी त्याचंच नाव लावलं? आरं देवा!”

पुढे आम्ही तिघांनी तिला एकाच वेळी समजावलं. ही चूक झाली. तिच्या हाती जे लागलं ते असं: भाऊ पायरीवरून घसरला, गरुड नावाच्या कोणीतरी ते पाहिलं पण सांगितलं नाही, आणि नाशिक रोडचं घर कोठीवाले नावाच्या माणसाने लाटलं. संध्याकाळपर्यंत हे सगळं लासलगावला पोहोचलं. भावकीतून फोन सुरू झाले. “दादा, घाबरू नका, आपला वकील हाय.” “दादा, म्हातारपणी मानसाला कोनीबी फशी पाडतं.” एकाने तर मला आडून विचारलं, कोठीवाले आपल्यातलेच का?

दहाव्या दिवशी आम्ही रामकुंडावर पोहोचलो, तर भावकीची अख्खी जीप आमच्या आधीच येऊन थांबली होती. दुःखापेक्षा बाह्या जास्त वर चढल्या होत्या. बाजूला एक सभ्य गृहस्थ तांब्या विसळत होते, त्यांना दोघांनी दरडावून विचारलं, “तुमीच का कोठीवाले?” ते गृहस्थ तांब्या तिथेच टाकून गेले.

विधी झाले. पिंड मांडला. त्यावर भात, दही, आप्पांना आवडणारं भरीत. आम्ही मागे सरकून हात जोडले. कठड्यावर एक धष्टपुष्ट कावळा बसला होता. मान तिरकी करून बघत होता. आप्पाही चष्म्याच्या वरून असंच बघायचे.

कावळा शिवेना.

“काही इच्छा राहिली असेल तर शब्द द्या,” गुरुजी म्हणाले.

“आप्पा, आईला नीट सांभाळीन,” मी म्हणालो. कावळा ढिम्म.

“आप्पा, मी येत जाईन माहेरी,” नंदा म्हणाली. कावळ्याने पंख खाजवला.

मग आत्या पुढे झाली. “भाऊ, तू निवांत जा! त्या कोठीवाल्याला उंबऱ्याच्या आत पाय नाय ठेवू देनार!” मागून सगळी भावकी गरजली, “नाय ठेवू देनार!”

कावळ्याने एक डोळा मिटला.

ऊन तापलं. गुरुजींनी घड्याळ पाहिलं. “तुमच्यामागे आणखी तीन जण आहेत. दर्भाचा कावळा करून शिवून घेऊ या का? चालतं तसं.”

“गवताचा कावळा नको,” आई म्हणाली. दहा दिवसांत ती रडली नव्हती. आता तिचा आवाज कापत होता. “विनू, त्यांना शेवट सांग. तेवढंच राहिलंय रे त्यांचं.”

“कसला शेवट?” गुरुजींनी विचारलं.

“धूम्रद्वीपाचा. सातव्या भागाचा.”

गुरुजी ताडकन उठले. “थांबा, थांबा! माझं अजून अर्धंच झालंय!” आणि सोवळं सावरत, दोन्ही कानांत बोटं घालून ते पार पलीकडच्या पायऱ्यांवर जाऊन उभे राहिले.

मी कावळ्यासमोर उभा राहिलो. आप्पांना तो भिकार शेवट सांगायचा नाही, असं मी ठरवून टाकलं. जिवंतपणी ताटकळत ठेवलं ते पुरे झालं! मी माझा शेवट सांगायला घेतला. अश्मक जपून, एकेक पायरी चढला. सिंहासनावर बसला. त्याचा म्हातारा बाप नाव वल्हवत थेट राजधानीत आला. गरुडांनी फुलं उधळली. कोठीवाल्याने सगळ्यांना पोटभर जिलेबी वाढली आणि धूम्रद्वीपावर सुख नांदू लागलं. नंदा पदराने डोळे पुसत होती. मलाही भरून आलं.

कावळ्याने आमच्याकडे पाठ फिरवली. चक्क पाठ!

“खरं सांग,” आई म्हणाली. “त्यांना थापा कळायच्या.”

मग मात्र माझं डोकं फिरलं. त्या लेखकाचा राग, त्याच्या उशिराचा राग, आप्पा निघून गेले त्याचा राग, सगळा एकदम वर आला. मी असा ओरडलो की पलीकडची कबुतरं उडाली. “आप्पा, तो घसरला! शेवाळावरून! दीड पानात मेला! आणि राज्य कोठीवाल्याला!”

“काव!”

कावळा दगडासारखा खाली आला. त्याने पिंडावर चोच मारली, दुसऱ्यांदा मारली, पायाने दह्याचा द्रोण उडवला (तो माझ्या धोतरावर आला), आणि परत कठड्यावर बसून जो ओरडायला लागला तो थांबेचना. आवडलं नाही की आप्पा पुस्तक असंच आदळायचे, आणि मग तासभर बोलत राहायचे.

“चिडले,” आई म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. “म्हणजे ऐकलं त्यांनी.”

“बघा, बघा!” आत्या भावकीला म्हणाली. “कोठीवाल्याचं नाव काढताच कसा पेटला माझा भाऊ!”

गुरुजी लांबूनच खुणेने विचारत होते, झालं का? काढू का बोटं?

परतताना रिक्षात मी जरा वेळाने विषय काढला. “आई, माझा शेवट तसा काही वाईट नव्हता ना?”

आईने माझ्या धोतरावरचं दही झटकलं. “विनू, त्या मेल्या लेखकाने निदान कावळा खाली तरी उतरवला. तुझा शेवट चालू असताना मला वाटलं, तो उडून जातोय की काय!”

त्या लेखकावरचा माझा राग आजही तसूभर कमी झालेला नाही. फक्त यापेक्षा चांगला शेवट मी झोपेत केला असता, हे म्हणण्याआधी मी खिडकीबाहेर कावळा नाही ना, एवढं बघून घेतो.