आईनं सोडलेला गूळ

बहात्तरच्या दुष्काळाआधीचं वर्ष. कडेगावच्या स्टँडवर कराडची एसटी लागली, तेव्हा वडिलांनी माझी ट्रंक टपावर चढवली, दोरी ओढून बघितली आणि जहाजावरची नोकरी नीट कर म्हणून बजावलं. ते मिलिटरीतून पेन्शनवर आलेले. घर सोडून जाणं त्यांना नवं नव्हतं. आई गाडी हलायला लागल्यावर खिडकीशी आली. म्हणाली, "तू कायमचा परत येस्तवर मी गूळ खाणार न्हाई."

आमचं घरचं गुऱ्हाळ. हिवाळाभर कपड्यांनासुद्धा काकवीचा वास. अशा घरात गूळ सोडणं म्हणजे काय, ते गावात राहिलेल्या तुम्हाला सांगायला नको. मी हसलो आणि दोन वर्षांत येतो म्हणालो.

जहाजावर फिटर म्हणून चढलो, इटलीतल्या एका बंदरात उतरलो आणि तिथल्या गोदीतच कामाला राहिलो. शिफ्ट, ओव्हरटाइम, भाड्याची खोली. मधे एकदा महिनाभर रजेवर आलो. आईनं गुळाच्या पोळ्या केल्या आणि स्वतः भाकरी घेऊन बसली. म्हटलं, आलो की आता, खा.

"आलायस कुठं?" ती म्हणाली. "छुट्टीवर हाईस."

परतायचं नाही, हे माझं मला केव्हाच कळून चुकलं होतं. सांगायची हिंमत होत नव्हती. दर पत्रात 'पुढच्या वर्षी' लिहायचो. माझ्यासारखे जे बाहेर पडलात, त्या तुम्ही हे किती वेळा लिहिलंत, ते तुमचं तुम्हालाच ठाऊक.

एका रविवारी, आठवडाभर उभं राहून पायांचे तुकडे पडलेले असताना, बंदराच्या तोंडावरच्या दगडी मनोऱ्यात शिरलो. चाच्यांवर नजर ठेवायला काही शतकांपूर्वी बांधलेला. आता आत जहाजांचं म्युझियम. नांगर, होकायंत्रं आणि छताला टांगलेल्या हातभर लांबीच्या लाकडी बोटी. तिथला राखणदार म्हातारा मच्छीमार होता. माझ्या मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये मी त्या बोटींबद्दल विचारलं. पोरगं समुद्रावर गेलं की घरचे नवस बोलायचे आणि ते सुखरूप परतलं की अशी बोट देवळात वाहायचे, असं त्यानं सांगितलं. नवस हे काय असतं, ते मला त्यानं समजावायची गरज नव्हती.

कोपऱ्यातल्या एका बोटीला शीड नव्हतं. हिचा पोरगा बुडाला का, मी विचारलं. म्हातारा म्हणाला, नाही, अमेरिकेला गेला, तिथंच लग्न करून राहिला. येतो येतो म्हणून पत्रं मात्र पाठवायचा. तो आल्यावर शीड लावू म्हणून बापानं बोट मरेपर्यंत तशीच ठेवली.

मनोऱ्यावर न चढताच मी बाहेर पडलो. खोलीवर आलो आणि लिहिलं, आई, मी परत येणार नाही. रजेला येईन, राहायला नाही. गूळ खा.

महिन्यानं वडिलांच्या अक्षरात उत्तर आलं. "तुझ्या आईला पत्र वाचून दावलं. काल तिनं चहात गूळ घातला. आता घोर लावून घेऊ नको."

मला हलकं वाटायला हवं होतं. मी खाटेवर बसून रडलो. घर म्हणजे आपलं रान, गुऱ्हाळ, असं मी धरून चाललो होतो. घर म्हणजे कुणीतरी माझी वाट बघत होतं एवढंच, आणि ते मीच थांबवलं होतं.

आता गावी गेलो की आई माझ्या शेजारी बसून गुळाची पोळी खाते. आणि पहिल्याच दिवशी विचारते, "कवा निघणार?"