बुटक्या ट्रॅक्टर आणि घासेश्वर महाराज

काशीत दोन गोष्टी आपोआप साचतात. पावसाळ्यानंतर घाटावर गाळ, आणि आमच्या मंडळीत किस्से. गाळ निदान पंप लावून धुता येतो. किस्से कुठे टाकणार? म्हणून तुम्हाला सांगून टाकतो. बसा!

मंडळी म्हणजे तीन डोकी. वसंतदादा, वय चौऱ्याहत्तर, पाच पिढ्यांचे काशीकर, शाळेत गणित शिकवून रिटायर झालेले. त्यांचे बालमित्र घनपाठी गुरुजी, यांना वेद सरळही पाठ आणि उलटाही. आणि मी, मूळचा वाईचा, रेल्वेत बदली होऊन आलो आणि इथलाच झालो. गुरुजी आणि मी मुन्शी घाटामागच्या गल्लीत राहतो. दादा गंगेपलीकडे रामनगरला, स्वतःच्या आवळ्याच्या बागेत. सुमनकाकू दादांच्या पत्नी. त्यांना आम्ही मंडळीत धरत नाही, कारण त्या मंडळीच्या वर आहेत.

आणि पाचवा बुटक्या. दादांच्या वडिलांनी घेतलेला लाल ट्रॅक्टर. पंधरा हॉर्सपॉवर, वय साठच्या पुढे, उंची माझ्या छातीएवढी. काकू त्याला 'माझी सवत' म्हणतात. लग्नानंतर दादांनी काकूंना याच्याच ट्रॉलीत बसवून घरी आणलं होतं, तेव्हा शालूला ग्रीस लागलं. "पन्नास वर्षं झाली, डाग निघाला नाही!" हे वाक्य मी बारा वर्षांत शंभरदा तरी ऐकलं असेल.

दर कार्तिकात गावातली मराठी घरं दादांच्या बागेत आवळी भोजनाला जमतात. झाडाची पूजा, मग झाडाखाली पंगत. यंदा पाऊस असा झाला की बागेत कमरेएवढं गवत! साप-किरडू असेल म्हणून लोक यायला कचरायला लागले. काकू म्हणाल्या, मजूर लावा. दादा म्हणाले, "घरात ट्रॅक्टर असताना विळा? छे!"

काकूंनी हातातला डाव खाली ठेवला. "ठीक आहे. आवळी भोजनाआधी तुमच्या या लाडक्यानं गवत कापलं तर कापलं. नाहीतर मी मजूरही लावीन आणि हा भंगारातही देईन!"

दादा हसले. आम्ही नाही हसलो, आम्ही काकूंना ओळखतो.

* * *

बुटक्याला हायड्रॉलिक नाही, तेव्हा गवत कापायचं यंत्र उचलून धरायचं चालणार नव्हतं. मागून ओढायचं हवं. त्याला स्वतःची चाकं, आणि खाली पंख्यासारखी फिरणारी जाड पाती. पाती फिरवायची ती ट्रॅक्टरच्या मागच्या शाफ्टनं.

दादांनी एकट्यानं जाऊन यंत्र आणलं सुद्धा. सहा फुटी!

जोडलं, चालू केलं. बुटक्या एकदा कण्हला, दोनदा खोकला आणि बंद पडला. रामनगरचे मिस्त्री मिसिरजी पान चघळत बघत होते. म्हणाले, "दादा, बकरी के पीछे हाथी का हल बाँधे हैं!"

मग दादांनी खडू घेऊन भिंतीवर गणित मांडलं. गवताच्या कापाला फुटामागे चार घोडे धरले, घोडे आहेत पंधरा, म्हणजे उत्तर पावणेचार फूट. सावकाश चालवलं तर चार फुटी यंत्र निभेल. उत्तराखाली दोन रेघा मारल्या.

काकू दारातून म्हणाल्या, "चाळीस वर्षं पोरांना काय शिकवलंत? आधी गणित मांडा, मग उत्तर लिहा. हो ना?"

* * *

चार फुटी यंत्र मिळालं ते आमच्या काठावर, एका बंद पडलेल्या नर्सरीत. त्यांनी सहा फुटीच्या बदल्यात दिलं. आता हे पलीकडे न्यायचं कसं? पुलावर जाम. गुरुजी म्हणाले, "नाव आहे ना! मल्लाह माझा यजमान आहे."

पाती उघडी दिसू नयेत म्हणून गुरुजींनी यंत्रावर घरातलं पिवळं सोवळं टाकलं आणि लाल नाडीनं बांधलं. सहा जणांनी बांबूवर घेऊन पायऱ्या उतरायला सुरुवात केली. पुढे गुरुजी, भस्म लावलेले. अर्ध्या पायऱ्या उतरेपर्यंत मागे तीस-चाळीस माणसं झाली! कुणी झेंडू वाहिला, कुणी पाया पडलं. एका म्हाताऱ्या बाईंनी डोळे मिटून विचारलं, "महाराज, कौन से देवता हैं?"

गुरुजी जन्मात खोटं बोललेले नाहीत. पण यंत्र म्हटलं असतं तर सोवळ्यात यंत्र का, ते सांगावं लागलं असतं. शेवटी म्हणाले, "घासेश्वर महाराज!"

"घासेश्वर महाराज की जय!" अख्खा घाट गरजला. नाव निघाली तेव्हा लोक काठावरून हात जोडून उभे होते. मी नावेत तोंड फिरवून बसलो होतो, हसू आवरेना.

* * *

मिसिरजींनी पहिल्याच दिवशी नियम घातला. फिरत्या शाफ्टजवळ धोतर नाही, उपरणं नाही. एक टोक अडकलं की माणूसच गुंडाळला जातो. शाफ्टवर त्यांनी पत्र्याचं झाकणही बसवलं, तरी नियम तो नियम!

गुरुजींनी आयुष्यात पॅन्ट घातलेली नव्हती. जावयाची ट्रॅक पॅन्ट आणली. निळी, बाजूला पांढरे पट्टे. वर शेंडी, कपाळाला भस्म, कानात भिकबाळी. रामनगरच्या बाजारातून असे चालत गेले की चहाच्या टपऱ्या शांत झाल्या.

संध्याकाळी घरी गेले, कडी वाजवली. त्यांच्या पत्नीनं दार उघडलं, खालपासून वरपर्यंत बघितलं आणि पदर सावरत म्हणाल्या, "गुरुजी बाहेर गेलेत, उद्या या!"

* * *

आता ट्रायल. बुटक्या सुरू, पाती सुरू, गवत सपासप आडवं! दादा सीटवर राजासारखे. बांधापाशी आले, क्लच दाबला. ट्रॅक्टर थांबेना! क्लच पूर्ण दाबलेला, तरी बुटक्या पुढे चाललाय. दादा ओरडले, "हो ऽ हो ऽ! अरे हो ऽ!" बैलाला म्हणतात तसं. ब्रेक मारला, पण ते ब्रेक नुसते नावाला. बुटक्या बांध ओलांडून, कुंपण मोडून, काकूंच्या मेथीच्या वाफ्यात जाऊन थांबला. मेथी अशी बारीक चिरली गेली की थेट फोडणीला टाकावी.

काकू आल्या. वाफा बघितला. तिथंच उभं राहून कबाडीवाल्याला फोन लावला, "हाँ भैया, ट्रैक्टर है। आँवला भोजन के दिन दोपहर को आइए। उस दिन चढ़ाने को आदमी बहुत रहेंगे।"

दादांचा चेहरा मला बघवेना. "पिताजींची शेवटची वस्तू आहे रे," एवढंच म्हणाले.

आठ दिवस उरले होते.

* * *

कुणालाच कळेना, क्लच दाबल्यावर ट्रॅक्टर चालतो कसा? मिसिरजींनी क्लच उघडून बघितला, ठणठणीत. मी म्हटलं, मॅन्युअल बघू. दादा म्हणाले, "वाळवीनं केव्हाच खाल्लं. साठ पानं होती, इंग्रजीत."

गुरुजी हळूच म्हणाले, "मला पाठ आहे."

आम्ही उडालोच! झालं असं होतं की गुरुजी दहा वर्षांचे असताना दादांच्या वडिलांनी पैज लावली, हे इंग्रजी पुस्तक पाठ करून दाखव, बेसनाचे लाडू देतो. कुणीतरी वाचून दाखवलं, यांनी पाठ केलं. अर्थ तेव्हाही माहीत नव्हता, आजही नाही!

"मग गुरुजी, क्लचचं तेवढं म्हणा."

"मधूनच कसं म्हणणार? पहिल्यापासून यावं लागतं."

मांडी घातली, डोळे मिटले, हात स्वरावर वरखाली हलू लागला आणि मॅन्युअल सुरू झालं. टायरमधली हवा. रेडिएटरचं पाणी. ऑईल बदलण्याचे तास. सगळं उदात्त-अनुदात्तासकट! मी वही घेऊन भाषांतराला. दोन तास झाले. काकूंनी चहा आणून ठेवला, आणि जरा वेळ उभ्याही राहिल्या. पंचेचाळिसाव्या पानावर माझ्या कानावर आलं, 'हेवी रोटरी मोअर', 'ओव्हररनिंग क्लच'.

"थांबा! सापडलं!"

कारण अगदी साधं होतं. जड पाती एकदा फिरायला लागली की क्लच दाबला तरी ती फिरतच राहतात, आणि शाफ्टमधून उलटा जोर लावून ट्रॅक्टरलाच ढकलतात. मध्ये सायकलच्या फ्रीव्हीलसारखा एक तुकडा हवा. पेडल थांबलं तरी चाक आपलं टकटक फिरतं ना, तसा. मिसिरजींनी कपाळावर हात मारला. दादांनी मला मिठी मारली.

गुरुजी मात्र डोळे उघडून रागानं आमच्याकडे बघत होते. "मध्येच थांबवलंत! अर्धवट सोडता येत नाही. आता पुन्हा पहिल्यापासून!"

आणि म्हटलं हो! पूर्ण साठ पानं, शेवटच्या पानावरच्या छापखान्याच्या पत्त्यासकट.

* * *

तुकडा लुधियानाहून माझ्या ओळखीनं रेल्वे पार्सलनं आला, दोन दिवस उरले असताना. मिसिरजींनी बसवला. सकाळी दादा सीटवर चढले. बुटक्या हळूहळू निघाला, मागे गवताचा पट्टा गालिच्यासारखा पडत गेला, आणि कापल्या गवतातले किडे टिपायला बगळे मागोमाग. दादांनी क्लच दाबला. बुटक्या जागच्या जागी उभा! मागे पाती आपली टकटकत फिरतायत. खरं सांगतो, मला रडू आलं. गुरुजी ट्रॅक पॅन्टमध्ये टाळ्या वाजवत होते.

दुपारपर्यंत बाग साफ झाली. तरी दादा उतरेनात. दोन हात पुढे जायचे, क्लच दाबायचे, पुन्हा पुढे जायचे, पुन्हा दाबायचे.

"दादा, गवत संपलं!"

"गप रे! अजून एकदा थांबून दाखवतो."

काकू ओसरीवरून सगळं बघत होत्या. कबाडीवाल्याला नको म्हणून फोन केला का, हे विचारायची हिंमत तिघांपैकी एकालाही झाली नाही.

* * *

आवळी भोजनाला यंदा कधी नव्हे इतकी गर्दी. घासेश्वरांची कीर्ती पसरली होती ना! पूजा झाली, पंगत बसली. मसालेभात, बटाट्याची भाजी, पुरी, श्रीखंड. म्हाताऱ्यांना खुर्च्या दिल्या, त्या कमी पडल्या. काकूंना गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही. त्या वाढायचं आटोपून, हातात पान घेऊन जागा शोधत होत्या.

तेवढ्यात फाटकाशी टेम्पो थांबला. कबाडीवाला! सोबत दोन हमाल, साखळदंड. दादांच्या हातातली पुरी पानात पडली. गुरुजींनी माझं मनगट घट्ट धरलं.

कबाडीवाला आवळ्याच्या झाडाखाली आला. "माताजी, फोन किए थे। ट्रैक्टर कहाँ है?"

आम्ही सगळ्यांनी वळून बघितलं. काकू बुटक्याच्या सीटवर बसल्या होत्या. अंगावर तोच लग्नातला शालू, गुडघ्याशी ग्रीसचा काळा डाग. मांडीवर पान. बोटावरचं श्रीखंड चाटून त्यांनी एकदा डावीकडे बघितलं, एकदा उजवीकडे.

"ट्रैक्टर? यहाँ कहाँ कोई ट्रैक्टर है, भैया? बैठिए, खाना खाकर जाइए।"