मखमल, काथ्या आणि मावशी

"आधी हात लाव, मंग बोल!"

सातपूरला आमच्या सोसायटीत कुणी कुत्र्याला हाड् म्हटलं, की फाटकाजवळच्या शिलाईच्या दुकानातून मावशी कडाडायच्या. हातातली कात्री तशीच उगारलेली.

मावशी मूळच्या सायखेड्याच्या. उभा जन्म कारखान्यांचे गणवेश शिवण्यात गेला. दाराशी आलेल्या कुत्र्याच्या पाठीवरून त्या कापड पारखावं तसा अंगठा फिरवत आणि मग नाव ठेवत. मऊ अंगाची ती मखमल. राठ केसांचा तो काथ्या. खरजेतून उठलेल्या, जागोजाग टक्कल पडलेल्या एकाला मी 'पोतेरं' म्हटलं, तर शिवायला दिलेली माझी पँट आठवडाभर तशीच पडून राहिली. "त्याचं नाव जाळी हे," त्यांनी सुनावलं. "पोतेरं आसंल तुझ्या घरी."

मग समितीकडे तक्रार आली, कुत्री चावतात. मावशी बैठकीत येऊन उभ्या राहिल्या. "कोणाला चावली? नाव सांगा."

"तक्रार सगळ्यांची आहे," अध्यक्ष म्हणाले.

"सगळ्यांची म्हंजी कोणाचीच नाय!"

खरंच होतं ते. कुणालाही चावली नव्हती. मला ठाऊक होतं, तरी कुत्री हलवण्याचा कागद सह्यांसाठी फिरत आला तेव्हा मी सही केली. शेजाऱ्यांशी वाकडं कशाला, म्हणून. अशा सह्या तुम्हीही केल्या असतील. त्या सहीचा स्वतःवरचा संताप अजून जात नाही.

मावशी बाजारात गेल्याचं पाहून समितीने गाडी बोलावली. कुत्री त्र्यंबकच्या रस्त्याला लांब कुठेतरी सोडली, एवढंच कळलं. मखमलची दोन पिल्लं दुकानाच्या फळीखाली राहून गेली. त्यांचे डोळेही उघडले नव्हते.

ती पिल्लं पिशवीत घेऊन मावशी तीन दिवस बसने त्या रस्त्याला गेल्या. थांब्याथांब्यावर उतरून हाका मारत राहिल्या. लोक हसले. मखमल, जाळी मिळालीच नाहीत. काथ्या मिळाला, ट्रकखाली चिरडलेला.

परतल्या त्या थेट अध्यक्षांच्या दारात. "तुमच्या पाठीवरनं कोणी मायेनं हात फिरवला नाय का हो कधी?"

अध्यक्षांनी दार लावून घेतलं. आम्ही सगळे आपापल्या गॅलरीतून बघत होतो. दुसऱ्या दिवशी मावशींनी मशीन आणि पिल्लांची पिशवी टेम्पोत चढवली आणि सायखेडा गाठलं.

गेल्या महिन्यात मी तिथे गेलो. मावशी ओसरीवर शिवत होत्या. एक तरणी कुत्री धावत आली आणि तिने माझ्या हातात तोंड खुपसलं. अंग रेशमासारखं.

"हिचं नाव काय ठेवलंत, मावशी?"

मशीन थांबलं.

"सही करताना इचारलं व्हतं का तुम्ही?"

मला त्यांनी कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. मग नाव माझ्या कानावर पडू नये म्हणून नुसती चुटकी वाजवून त्यांनी कुत्रीला आत बोलावलं, आणि तिच्यामागून स्वतःही गेल्या.