मायची चाळीस पावलं

ठराव मीच लिहिला होता. आमच्या ग्रामपंचायतीत शुद्ध मराठीत, नीट अक्षरात काही लिहायचं म्हटलं की अजूनही मलाच बोलावतात. निवृत्त मास्तरासाठी गावाने तेवढंच काम शिल्लक ठेवलंय. खासगी जागेतल्या काटक्या, भंगार, निरुपयोगी वस्तू मालकाने आठ दिवसांत हटवाव्यात, नाहीतर ग्रामपंचायत हटवील, असा तो ठराव. 'कोणालाही सवलत मिळणार नाही' हे शेवटचं वाक्य माझ्या पदरचं. शेजारच्या रिकाम्या प्लॉटात बाभळी माजल्या होत्या, दोनदा साप निघाला होता, आणि त्याचा मालक काहीतरी सबब सांगून सुटणार हे मला ठाऊक होतं. एखाद्याला धडा शिकवायचं डोक्यात बसलं की मला मागचंपुढचं दिसत नाही, हा माझा जुना रोग.

माझी माय आंधळी आहे. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले, आणि ते परत येणार नाहीत हे नंदुरबारच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. तरी परसाच्या टोकाला असलेल्या संडासापर्यंत ती एकटी जायची. मोजून चाळीस पावलं. मागच्या दाराशी जुना दगडी पाटा. त्याला पाय लागला की डावीकडे वळायचं. मग पऱ्हाट्यांची, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांची, लांब रास. राशीच्या शेवटी बैलगाडीचं मोडकं चाक, त्याच्या पुढे पत्र्याचं गंजकं पिंप, आणि पिंपाला हात लागला की समोर दार.

ही सगळी मांडणी तिची. डोळे विझत चालले होते तेव्हाच तिने ती करून घेतली होती. दरवर्षी कपाशी उपटली की पऱ्हाट्यांची रास त्याच जागी लागायची, मुळाकडची जाड टोकं वाटेच्या बाजूला, म्हणजे हात फिरवला की कळावं. आंघोळीचं पाणी तापवायला काड्या लागल्या तर त्या पलीकडच्या बाजूने काढायच्या. एकदा मी घाईत अलीकडून ओढल्या तर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. इतक्या वर्षांत मलाही तो पसारा दिसेनासा झाला होता, मला दिसायची ती मायची वाट. म्हणून ठराव लिहिताना आपलं परस मनात आलंच नाही.

शेजाऱ्याच्या बरोबर मनात आलं. नोटीस मिळाली तशी त्याने तिसऱ्या दिवशी बाभळी तोडल्या आणि पंचायतीत जाऊन विचारलं, गुरुजींच्या परसाचं काय? त्याचं काही चुकलं नाही. गाव-स्वच्छता स्पर्धेचं तपासणी पथक यायला आठवडा होता. मी ग्रामसेवकाकडे गेलो, मायचं सांगितलं, निदान पऱ्हाट्यांची रास तरी राहू द्या म्हणून हात जोडले. तो भला माणूस आहे. त्याने कपाटातून ठरावांचं रजिस्टर काढलं, माझ्यासमोर ठेवलं आणि खालच्या आवाजात म्हणाला, "गुरुजी, अक्षर तुमनंच शे." अक्षर माझंच होतं. मी तसाच उठलो.

मग मी दाराच्या चौकटीपासून संडासापर्यंत नायलॉनचा दोर बांधला. मायचा हात धरून त्यावर ठेवला. तिने तो चाचपला, दोन पावलं गेली. दोर तिच्या वजनाने लचकला तशी ती थांबली.

"दोर ढोरस्ले बांधतस," ती म्हणाली, आणि मागे फिरली.

पंचायतीचा ट्रॅक्टर आला. पथक गेलं की सामान परत आणून लावू, असं मी स्वतःला बजावत होतो. दुपारी कळलं की पऱ्हाट्या गावाबाहेर नेऊन पेटवल्यासुद्धा, पाटा भरावात गेला, चाक आणि पिंप भंगारवाल्याने उचललं. परस झाडून लख्ख झालं. लाज वाटते सांगायला, पण दारात उभं राहून क्षणभर मलाही ते बरं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी पथकासोबत मी पंचायतीत होतो. चहा झाला, ठरावाचं कौतुक झालं, भाषेचंही झालं. घरी आलो तेव्हा वैशाखाचं ऊन अगदी डोक्यावर होतं. माय परसाच्या मधोमध उभी होती. अनवाणी, दोन्ही हात पुढे केलेले, तोंड गावाकडे. कोणत्या बाजूला घर आहे हे तिला कळत नव्हतं आणि हाक मारणाऱ्यांतली ती नव्हतीच. किती वेळ उभी होती कोण जाणे. लुगडं ओलं झालं होतं. तळपायांना फोड आले होते. मी धरायला गेलो तर तिने मला ढकललं.

त्यानंतर मी विटा मांडल्या, त्यांना ती अडखळली. बांबू रोवले, त्यांना तिने हातही लावला नाही. नवीन पऱ्हाट्या कपाशी निघाल्यावर, म्हणजे माघ-फाल्गुनात. तोवर ती असेल का, हे मी रोज स्वतःला विचारतो आणि रोज घाबरतो. आता तिला फक्त माझी बायको नेते. मला ती नेऊ देत नाही. लेकाने न्यावं याची तिला लाज वाटते. बायको अंगणवाडीत कामाला, सकाळी जाते ती तीनला येते.

मायचे ओठ फुटलेत. भरून ठेवलेला तांब्या दुपारपर्यंत तसाच भरलेला असतो. विचारलं तर तहान नाही म्हणते. डॉक्टर मला रागावले, एवढ्या उन्हात म्हातारीला पाणी देत नाही का म्हणून. त्यांना काय सांगू? आज पुन्हा पेला भरून तिच्या हातात दिला, जवळ बसलो, अगदी रडकुंडीला येऊन म्हटलं, दोन घोट तरी घे. तिने पेला तोंडाजवळ नेला आणि थांबली.

"घरमा कोन शे?" तिने विचारलं.

"मी शे, माय."

तिने चाचपडत जमीन शोधली आणि पेला तसाच भरलेला खाली ठेवला.