वरच्या तळ्याची भागाबाई

दोंडाईच्याच्या अलीकडे आमचं गाव. गावाला दोन तळी. टेकडीच्या पायथ्याचं वरचं तळं चुडामण भोयाकडे होतं, गावाखालचं त्याच्या धाकट्या भावाकडे, अभिमनकडे. दोघेही मासे धरत, शिंगाड्याचे वेल लावत. चुडामणची बायको भागाबाई ही घरातली मोठी सून. तिच्या तळ्याचं पाणी इतकं नितळ, की तळातले गोटे दिसायचे. गावातल्या बाया पिण्याचं पाणी तिथूनच नेत.

पण शिंगाडा भरायचा तो खालच्या तळ्यात. गोठ्यांचं शेणमूत, गावातली सारी धुवणी वाहत तिथे उतरायची. धाकटी जाऊ सुपडाबाई पाण्यात शिरली की टोपली भरूनच वर यायची. कार्तिकात दोघी स्टेशनाजवळ शेजारी बसत आणि गिऱ्हाईक आधी सुपडाबाईच्या टोपलीत हात घाली. चौसष्ट साली उपासाच्या पिठासाठी सुके शिंगाडे घेणारे उत्तमचंदशेठ भागाबाईच्या तोंडावरच म्हणाले, "आधी खालच्या तळ्याचा माल मापा. वरचा नंतर पाहू."

ते तिला फार लागलं. घरी आली ती जेवलीच नाही. सुपडाबाईचं हसणंसुद्धा तिला खुपू लागलं. धाकटी सणावाराला वाकून पाया पडायची, भांडायला जागाच ठेवायची नाही, त्याची आग आणखी वेगळी.

पुढच्या उन्हाळ्यात भागाबाईनं गुरांच्या बाजारातलं शेण पाट्यांनी वाहून आपल्या तळ्यात ओतायला सुरुवात केली. चुडामणनं अडवलं, "अवं, लोके हाई पानी पेतस!"

"तिना तळामा सारा गावनी घान जास, ते चालस. मन्हा तळामा शेन पडनं ते दुखस?"

पावसानंतर वेल असे माजले की पाणी दिसेना. भागाबाई मुद्दाम जावेला बांधावर घेऊन गेली. सुपडाबाईनं एक पान उचललं, खालचं पाणी ओंजळीत घेऊन हुंगलं. "अक्का, पानीले वास येस."

जळतेय मेली, असं भागाबाईला वाटलं. त्या दिवशी ती पोटभर जेवली.

नवरात्राच्या सुमाराला आभाळ भरून राहिलं, वारा पडला. पानं खालून कुजली, मोकळ्या पाण्यावर हिरवा लगदा धरला. एका पहाटे चुडामणनं हाक मारली. काठाशी मासे तोंडं वर काढून तडफडत होते. उन्हं येईपर्यंत सगळीकडे पांढरी पोटं तरंगायला लागली. बाया रिकाम्या घागरी घेऊन परतल्या आणि पाण्यासाठी नदीची वाट धरली. पंचांसमोर चुडामणला मान खाली घालून उभं राहावं लागलं. भागाबाईनं घराबाहेर पडणं सोडलं.

तळ्यात कोणी उतरलंय हे कानावर आलं तेव्हा मात्र ती धावत बांधावर गेली. सुपडाबाई छातीभर पाण्यात उभी राहून कुजके वेल ओढत होती. अभिमन ते काठावर टाकत होता.

"नीघ बाहेर! मन्हा तळाले हात लावू नको!"

सुपडाबाई थांबली नाही. "अक्का, आम्हना तळामा गावनं जे येस, ते आम्ही ऱ्हाऊ देतस नही. शिंगाडा निंघना का वेल बाहेर. उन्हाळामा गाळ बाहेर, वावरवालास्ले देतस."

भागाबाईनं ते दर उन्हाळ्यात पाहिलं होतं. गुडघाभर चिखलात राबणाऱ्या जावेला पाहून सावलीतून हसलीही होती. तिचं लक्ष कायम जावेच्या भरल्या टोपलीवर. ती लुगडं खोचून पाण्यात उतरली, पण जावेच्या समोरच्या काठानं. दुपारपर्यंत दोघी आपापल्या बाजूनं वेल ओढत राहिल्या.

पुढच्या उन्हाळ्यात वरचं तळं आटवलं. काळा, घाणेरड्या वासाचा गाळ शेतकऱ्यांनी गाड्या भरभरून नेला. पाणी निवळायला दोन पावसाळे गेले, तेव्हा कुठे बाया घागरी घेऊन परत आल्या. शिंगाडे पूर्वीसारखेच लहान निघाले.

भागाबाईच्या मनातली जळजळ काही गेली नाही. सुपडीनं तळं वाचवलं, असं कोणी म्हटलं की ती फणकारायची, "गाळ मी बी काढा!" पण पुढे म्हातारी होईपर्यंत, चैत्रात दोन्ही तळ्यांत पहिलं फावडं पडायचं ते भागाबाईचंच. धाकटीनं आपल्या आधी सुरुवात केलेली तिला खपली नसती.